मर्दोच्या आदल्या दिवशी

सासूला, एमामा अस्कलेंना, उन्हं कलेपर्यंत घराबाहेर ठेवायचं, एवढंच काम लुलितच्या वाट्याला आलं होतं. बाकीचं सगळं पुरुषमंडळी बघणार होती. मेस्फिनने, तिच्या नवऱ्याने, तिला हे सांगितलं ते अंगणातला नळ मोठा सोडून, तोंडावर पाणी मारता मारता. कारण भिंतीपलीकडे त्याची आई सुपात कॉफीच्या बिया निवडत बसली होती. त्याचे डोळे सुजून लाल झाले होते. आईने विचारलंच तर गॅरेजमध्ये वेल्डिंगची ठिणगी उडाली म्हणून सांग, म्हणाला.

"आणि माझ्या डोळ्यांचं काय सांगू?"

"तुझे काय, नेहमीच घाबरलेले असतात. त्यांना कोण विचारतंय?"

त्याची धाकटी बहीण साबा गुरुवारी बैरुतमध्ये वारली. सात वर्षं ती तिथे एका घरी कामाला होती. नवव्या मजल्यावरून पडली, एवढंच कळलं होतं. कशी पडली ते फोन करून कळवणाऱ्या तिच्या मैत्रिणीला, वर्केलाही ठाऊक नव्हतं. शुक्रवारी दुपारी मेस्फिनला कळलं, संध्याकाळपर्यंत इद्दिरच्या मंडळींना. म्हणजे एकमेकांच्या मयताला उभं राहायचं म्हणून गल्लीने वर्षानुवर्षं जो संघ बांधून ठेवलाय त्यातल्या घराघराला. कळलं नव्हतं ते फक्त एमामांना. त्यांना ते रविवारी पहाटे कळायचं होतं. रविवारच का, तर साबाला रविवारी सुट्टी असे आणि ती न चुकता आईला फोन करी. तो फोन न येण्याची वेळ व्हायच्या आत सांगणं भाग होतं.

मरणाची खबर माणसाला भरदिवसा, एकट्याला, भेटेल तिथे द्यायची नसते. ती उजाडायच्या आत, त्याच्याच दारात जाऊन द्यायची. वडीलधारे पुढे, शेजारपाजार मागे. माणूस कोसळला तर धरायला दहा हात हवेत आणि रडायला लागला तर सोबतीला दहा गळे. याला मर्दो म्हणतात, आणि त्याआधी कुणी तोंडातून ब्र काढायचा नसतो. खबर पोटात ठेवून महिना-महिना त्याच माणसाच्या ताटात जेवलेली माणसं लुलितने पाहिली होती. न ठेवलेलीही पाहिली होती. तिचे वडील गेले तेव्हा तिच्या आईला ते भर बाजारात, कांद्याच्या ढिगापाशी, एका ओळखीच्या बाईने सांगून टाकलं. आई तिथेच खाली बसली, आणि उठवली तेव्हा तिचं तोंड वाकडं झालं होतं. अकरा वर्षं झाली. अजून आईच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून चहा ओघळतो.

लुलित फार्मसीची पदवी घेतलेली, औषधांच्या दुकानात गल्ल्याच्या आत उभी राहणारी. रक्तदाब म्हणजे काय, शीर कशी फुटते, हे तिला पुस्तकातून ठाऊक होतं. पण तिचा विश्वास जितका पुस्तकावर होता तितकाच त्या कांद्याच्या ढिगावरही होता. सकाळी तिने एमामांचा दाब मोजला होता. वरचा आकडा एकशे बहात्तर. तिने एकशे चाळीस सांगितला.

जायचं कुठे, हा प्रश्नच नव्हता. राजवाड्याचं आवार लोकांसाठी खुलं होऊन महिना झाला होता, आणि महिनाभर एमामांनी सुनेच्या डोक्याशी भुणभुण लावली होती की सगळी गल्ली बघून आली, तेवढी मीच राहिले. आज लुलितने स्वतःहून नाव काढलं तेव्हा त्या जरा वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, नेमका आजच मुहूर्त निघाला होय. पण तयार व्हायला त्यांना पाव तासही लागला नाही.

चढाच्या रस्त्याने राजवाड्याची भिंत सुरू झाली तशी एमामांची पावलं आपोआप भरभर पडू लागली. मान खाली, नजर पुढच्या माणसाच्या टाचेवर. या भिंतीशी थांबायचं नसतं, बोट दाखवायचं नसतं, चप्पल तुटली तरी भिंत संपल्यावर बघायची, हे या शहरातलं लेकरू चालायला शिकतं तेव्हाच शिकतं. लुलितही तशीच चालत होती. तिची साडेचार वर्षांची लेक ब्लेन तेवढी मध्येच थांबून भिंतीवरच्या तारा मोजायला लागली आणि दोघींनी दोन्हीकडून तिला ओढलं.

"बघ," एमामा फाटकाशी आल्यावर धापा टाकत म्हणाल्या, "सत्तर वर्षं म्हणत आले, थांबू नका, पुढे चला. आता थांबायचं तिकीट काढतायत."

फाटकावर झडती होती. पहारेकरीण तरुण होती, तिने लुलितची पिशवी उघडून एकेक वस्तू टेबलावर मांडली. रक्तदाबाच्या गोळ्या, जिभेखाली ठेवायच्या गोळ्या, ग्लुकोजची पुडी, दाब मोजायचं यंत्र, पाण्याच्या दोन बाटल्या, ब्लेनचे कपडे, टॉवेल.

"ताई, फिरायला आलात की दवाखाना काढायला?"

एमामा खळखळून हसल्या. लुलित हसली नाही. दाब मोजायच्या यंत्राकडे सासूची नजर गेली का, हे ती बघत होती. गेली होती.

"हे कशाला गं आणलंस?"

"चढ आहे ना, एमामा. म्हटलं असू दे."

एमामा ब्लेनचं बोट धरून पुढे झाल्या.

आत गुलाबांचे वाफे होते, नवी फरशी होती, आणि सगळं शहर लोटलं होतं. लुलितला भीती राजवाड्याची नव्हती, या गर्दीची होती. या गर्दीत कुणीही असू शकलं असतं. चर्चमधल्या बायका, साबाच्या शाळेतल्या मैत्रिणी, ज्यांना कळलंय पण आईला अजून कळलेलं नाही हे ज्यांना कळलेलं नाही असे लोक. समोरून येणारा प्रत्येक चेहरा ती लांबूनच वाचू लागली. कुणी जरा जास्त वेळ बघितलं की ती एमामांना दुसऱ्या पायवाटेला वळवी. फोन तिने हातातच धरला होता. तो बंद करणं शक्य नव्हतं. तयारी झाली की मेस्फिन कळवणार होता, आणि तोपर्यंत परत यायचं नाही असं बजावून ठेवलं होतं.

दरबाराच्या दालनात सिंहासनावर मेणाचा राजा बसवला होता. जिवंत वाटावा असा. ब्लेन त्याच्यासमोर उभी राहिली आणि बराच वेळ त्याच्या छातीकडे बघून म्हणाली, "आजी, हा श्वास घेत नाहीये."

"मेलाय तो, बाळा. कधीच मेलाय."

"मग बसलाय कशाला?"

"त्याला कुणी मर्दो सांगितला नसेल," एमामा म्हणाल्या. आजूबाजूचे दोघे-चौघे फिस्सकन हसले. एक म्हातारेबुवा तर म्हणाले, वा एमामा, लाख बोललात. लुलितने चटकन ब्लेनकडे पाहिलं. काल संध्याकाळी स्वयंपाकघरात शेजारणी कुजबुजत होत्या तेव्हा ब्लेन तिथेच, पिठाच्या डब्यामागे खेळत होती. पोरीने काय ऐकलं, काय नाही, देव जाणे. विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर ऐकलं नसेल तेही तिला कळलं असतं.

"मर्दो म्हणजे साबा आत्या—"

लुलितने तिच्या तोंडात बिस्किट कोंबलं. अख्खं. पोर गुदमरून खोकायला लागली, डोळ्यांत पाणी आलं. एमामांनी तिच्या पाठीवर थोपटलं, पाणी पाजलं, आणि सुनेला म्हणाल्या की लेकराला खायला घालतात, बंदुकीत बार भरतात तसं भरत नाहीत. साबाचं नाव त्यांच्या कानावर पडलं होतं की नव्हतं, त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

बाहेर आल्यावर एका बाजूला खाली जाणाऱ्या दगडी पायऱ्या होत्या. पूर्वी दारूचं तळघर होतं, पुढे लष्कराच्या राजवटीत त्याचाच तुरुंग झाला. आता तिथेही लोक रांगेने उतरत होते. लुलितला वाटलं, खाली अंधार आहे, ओळखीचं कुणी भेटणार नाही, अर्धा तास सहज निघेल. पण एमामा पहिल्या पायरीशीच थबकल्या. मला नको, म्हणाल्या. आणि मग कठड्याला टेकून, न विचारताच, त्यांच्या माहेरच्या शेजारणीची गोष्ट सांगू लागल्या. तिच्या थोरल्याला इथे आणलं होतं म्हणे. परत आला नाही, आणि गेला असंही कुणी येऊन सांगितलं नाही. सांगणार कोण? ज्यांना ठाऊक होतं त्यांना भीती, ज्यांना भीती नव्हती त्यांना ठाऊक नाही. ती बाई बावीस वर्षं रोज पहाटे उठून दार उघडं टाकून बसायची. आली कुणी माणसं तर त्यांना ठोठावावं लागू नये म्हणून.

"मरणापेक्षा ते वाईट," एमामा म्हणाल्या. "मरण काय, सगळ्यांच्याच घरी येतं."

लुलितने मान डोलावली.

कारंज्याजवळ जे व्हायला नको होतं ते होता होता राहिलं. त्यांच्याच चर्चमधल्या देस्ताबाई मुलाबाळांसह समोरून आल्या, आणि वळायला वाट उरली नाही. देस्ताबाईंनी एमामांना पाहिलं मात्र, त्यांचा चेहरा वितळल्यासारखा झाला. त्यांनी एमामांना मिठी मारली. गालाला गाल लावला, एकदा, दोनदा, तीनदा, आणि तिसऱ्यानंतर सोडायचं ते सोडलंच नाही.

"अगं बाई, इतकी घट्ट का धरतेस? उधारी बुडवून पळणारेय का मी?"

देस्ताबाईंचे ओठ थरथरत होते. "अस्कले," त्या म्हणाल्या, "देव तुला—"

लुलितने त्यांच्या पायावर पाय दिला. चांगला, टाचेसकट. आणि तोंडाने भराभरा सांगत सुटली की देस्ताबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय ना, कालच दुकानात थेंब न्यायला आल्या होत्या, डोळ्यांना सारखं पाणी येतं, उन्हात फिरू नका म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय आणि या बघा उन्हात फिरतायत. देस्ताबाईंनी आयुष्यात डोळ्यांत थेंब घातला नव्हता. पण त्या या शहरातल्याच होत्या. एका क्षणात त्यांना सगळं उमगलं. त्या ओढणीने डोळे टिपत म्हणाल्या, हो ना गं, मेलं हे पाणी थांबतच नाही. आणि लंगडत, मागे न बघता निघून गेल्या.

एमामा त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. "डोळ्याचं ऑपरेशन झालं तर लंगडते कशाला?" एवढंच म्हणाल्या.

मग त्यांना घरी जायचं होतं. पाय दुखायला लागलेत, कॉफीची वेळ टळून चालली, बघायचं ते बघून झालं. लुलितने फोन पाहिला. मेस्फिनचा काही निरोप नव्हता. सिंह राहिले, ती म्हणाली. सिंह न बघता गेलो तर ब्लेन रात्रभर रडेल. ब्लेनला सिंहांची भीती वाटत होती आणि तिने तसं सांगितलंही, पण तिला कुणी विचारलं नाही.

सिंहांचं आवार खाली उतारावर होतं. जाड काचेपलीकडे काळ्या आयाळीचे दोन सिंह पंजे पसरून पडले होते. लोक काचेला नाक लावून उभे. एमामा बाकावर बसल्या, पाय चोळले, आणि एकदम त्यांच्या चेहऱ्यावर उजेड आला.

"फोन दे गं. साबाला सांगू दे, मी कुठे बसलेय ते."

लुलित म्हणाली, इथे नेट लागत नाही.

"त्या बाईच्या फोनला लागतंय की. तिने काय घरून बांधून आणलंय?" शेजारी एक बाई कुणाला तरी फोनवरून सिंह दाखवत होती.

लुलित म्हणाली, साबा आत्ता कामात असेल.

"असू दे ना. बोलून ठेवायचं. रात्री अंथरुणात पडल्यावर ऐकते ती. तुला ठाऊक नाही का?"

लुलितला ठाऊक होतं. दर आठवड्याला हा फोन हातात धरून सासूला बटण दाखवणारी तीच होती. दाबून धरायचं, बोलायचं, बोट उचलायचं; बोट उचललं की गेलं. एमामांना अक्षर फारसं वाचता येत नव्हतं, पण लेकीचा फोटो ओळखता येत होता, त्यामुळे दुसऱ्याच कुणाचं नाव उघडून द्यायची सोय नव्हती. तिने मनाशी ठरवलं, त्यांना बोलू द्यायचं आणि बोट उचलायच्या आत आपणच फोन ओढून घ्यायचा. तिने साबाचं नाव उघडलं. समुद्राकाठी, वाऱ्याने केस तोंडावर आलेली, हसणारी साबा.

एमामा फोन तोंडाजवळ धरून बोलू लागल्या. बाजारात पलीकडच्या दुकानदाराशी बोलावं तशा, मोठ्याने. "साबा, राजवाड्यात आलेय मी. आत. तिकीट काढून. सिंह आहेत इथे, दोन. नुसते लोळतायत, तुझ्या भावासारखे. इथले गुलाब बघितलेस तर वेडी होशील. ये तू. सुट्टी माग. तुझ्या मालकिणीला म्हणावं, माझी आई—"

तेवढ्यात सिंह गरजला. साधी गर्जना नव्हे. जमिनीतून वर आल्यासारखी, काच थरथरली. ब्लेन किंचाळून आईच्या मांड्यांना बिलगली, लुलित तिच्याकडे वाकली, आणि वर बघते तो एमामांनी बोट उचललं होतं.

गेलं.

पडद्यावर एक खूण उमटली. लुलितला वाटलं, एकच राहील. बंद असेल तो फोन; पोलिसांकडे असेल, मालकांकडे असेल. मग दुसरी खूण उमटली. ती त्या दोन राखाडी खुणांकडे श्वास रोखून बघत राहिली, आणि बघता बघता त्या निळ्या झाल्या.

"ऐकलंन् बघ," एमामा म्हणाल्या. "आज शनिवार असून ऐकलं. मालकीण बाहेर गेलेली असणार."

लुलितची बुद्धी सांगत होती की साबाचा फोन वर्केकडे आला असेल, उघडला असेल तिने, हात लागला असेल. पण बुद्धीला कोण विचारतंय. मेलेल्या माणसाने ऐकलं होतं आणि तसं कळवलं होतं.

आणि फोन वाजला.

साबाचा चेहरा सगळ्या पडद्यावर पसरला. तेच हसू, तोच वारा. एमामांनी टाळी वाजवली. "उचल, उचल!"

लुलितने उचलला आणि कानाला असा दाबून धरला की कान दुखला. पलीकडे वर्के होती. ती रडत होती आणि एका श्वासात बोलत होती: की फोन तिच्याकडे आहे, सामान बांधता बांधता तो वाजला, तिने ऐकलं, सिंहासकट सगळं ऐकलं, आणि एमामांना अजून सांगितलं नाही का, लुलित, अजून सांगितलं नाही का?

"साबा," लुलित मोठ्याने म्हणाली. आपलाच आवाज तिला दुसऱ्या कुणाचातरी वाटला. "एमामा इथेच आहेत, माझ्या शेजारी. तुझा आवाज नीट येत नाहीये."

पलीकडे एकदम शांत झालं. वर्केही याच मातीतली. तिला पुढचं सांगावं लागलं नाही. लुलित वाट बघत होती की ती आता फोन ठेवेल. ठेव, ती मनातल्या मनात म्हणत होती, ठेव गं बाई. पण एमामांनी हात पुढे केला आणि फोन सरळ काढून घेतला. लुलितने एक क्षण धरून ठेवला होता. मग सोडला. सासूच्या हातातून फोन हिसकावणारी सून, तीही परक्यांसमोर, तिला होता आलं नाही.

"हं, बोल," एमामा म्हणाल्या.

पलीकडून काही ऐकू येत होतं का ते लुलितला कळेना. एमामा ऐकत होत्या. नुसता श्वास असेल, हुंदका असेल. एखादा शब्द असेल. एमामांच्या भुवया किंचित वर गेल्या आणि तिथेच थांबल्या. लुलितचं लक्ष त्यांच्या मानेच्या शिरेवर होतं. ती उडत होती. तिने पिशवीत हात घालून जिभेखालच्या गोळ्यांची पट्टी चाचपून धरली.

बऱ्याच वेळाने एमामा बोलल्या, पण मघासारखं मोठ्याने नाही. हळू.

"रडू नकोस. जेवलीस का काही? जेव. कोरडी भाकरी का असेना, खा. आज रात्री एकटी झोपू नकोस, कुणाला तरी सोबतीला बोलाव. देव तुझ्या वाटेतले काटे काढो." त्या थांबल्या. "आणि तुझ्या आईला फोन कर, बाळा. आजच कर. तिला तुझा आवाज ऐकू दे."

त्यांनी फोन लुलितच्या मांडीवर ठेवला.

लुलितला ते शेवटचं वाक्य कळायला दोन श्वास लागले. कळलं तेव्हा तिच्या कानात शीळ वाजू लागली. काचेपलीकडे सिंहाने जांभई दिली, लोक हसले, कुणाचं तरी पोर आईस्क्रीमसाठी रडत होतं. झालं. जे व्हायचं नव्हतं ते झालं, बाकावर, उन्हात, चारचौघांत, आणि धरायला दहा हात नव्हते. तिचे दोनच होते.

"एमामा," ती म्हणाली, "मी—"

एमामांनी आपला तळवा तिच्या तोंडावर ठेवला. पूर्ण, घट्ट. तळव्याला कॉफीच्या बियांचा वास होता.

"इथे नाही. कोणाची का लेक असेना ती, गुणी आहे. पण तू मला काही सांगू नकोस. मला दार आहे. माझी माणसं आहेत."

हात काढल्यावर लुलितने गोळी पुढे केली. एमामांनी कसली म्हणून विचारलं नाही. जिभेखाली ठेवली. लुलितने त्यांचं मनगट धरलं, मोजू लागली, चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली. ती त्यांच्या ओठांचे कोपरे बघत होती. डावा खाली येतोय का? आला का? आईच्या वेळी कुणाला कळलंच नव्हतं, सगळे पाणी मारत बसले होते. झटका आला की नाही ते ओळखायची एकच सोपी रीत होती, दुकानात येणाऱ्या म्हाताऱ्यांच्या मुलांना तिने ती शंभरदा सांगितली होती. ती रीत आत्ता, या बाईपुढे, तिच्या तोंडून निघेना. पण भीती लाजेपेक्षा मोठी होती.

"एमामा," ती म्हणाली, "हसून दाखवा."

एमामांनी तिच्याकडे पाहिलं. तिला काय पाहिजे ते त्यांना समजलं नसणार, किंवा समजलं असेल. त्या हसल्या. दोन्हीकडून सारख्या. दात दिसेपर्यंत हसल्या आणि तसंच धरून ठेवलं, सून पुरे म्हणेपर्यंत.

"पुरे," लुलित म्हणाली.

मेस्फिनचा निरोप आला तेव्हा अजून ऊन होतं. या आता, एवढंच लिहिलं होतं. लुलित उठली, पण एमामा उठेनात. मघापासून घरी चला म्हणून मागे लागलेल्या त्या, आता बसू गं जरा म्हणू लागल्या. ब्लेनला मांडीवर घेतलं. तिच्या वेण्या सोडल्या आणि पुन्हा बारीक, नीट घातल्या. अंगावरचा पांढरा पोशाख मांडीवर सारखा केला, त्याच्या काठावरून हात फिरवला. उद्यापासून वर्षभर काळं. हे कुणी बोललं नाही. लुलित शेजारी बसून दर काही मिनिटांनी त्यांचा हात हातात घेत होती, माया केल्यासारखं दाखवून नाडी बघत होती, आणि त्यांना ते कळत होतं, आणि त्या हात देत होत्या. पहारेकरणीने फाटक बंद होतंय म्हणून सांगितलं तेव्हा त्या उठल्या.

भिंतीशेजारून परत येताना त्या सावकाश चालल्या. एकदा तर थांबल्याही, भिंतीला टेकून, आणि कुणीही त्यांना हटकलं नाही.

गल्लीच्या तोंडाशी येताच लुलित थबकली. इद्दिरची माणसं अजून पांगली नव्हती. वेळेचा हिशेब कुणाचातरी चुकला होता. मयताच्या तंबूचे लोखंडी दांडे शेजारच्या कुंपणाला उभे करून ठेवले होते, बाकडी एकावर एक रचली होती, आणि इद्दिरचे प्रमुख गाश तिलाहुन, सत्तरीचे, हातात एक दांडा घेऊन मधोमध उभे होते. एमामांना बघताच त्यांनी तो पाठीमागे लपवला. दोन पुरुष उंचीचा दांडा; तो त्यांच्या डोक्यावर तसाच उभा राहिला. बाकीची माणसं जिथल्या तिथे थिजली. घराच्या दारात मेस्फिन होता. त्याने लुलितकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरून त्याला काय समजलं कोण जाणे, तो चौकटीला धरून उभा राहिला.

एमामा गाश तिलाहुनांसमोर थांबल्या. ब्लेनचं बोट त्यांनी सोडलं नाही. रीतीप्रमाणे त्यांनी सगळं विचारलं: कसे आहात, बरे आहात ना, घरचे बरे आहेत ना, लेकरं बरी आहेत ना, दिवस कसा गेला. आणि गाश तिलाहुनांनी रीतीप्रमाणे प्रत्येकाला उत्तर दिलं, देवाची कृपा, देवाची कृपा, देवाची कृपा, पाठीमागे दांडा धरून. त्यांचा आवाज तिसऱ्या वेळी फुटला.

"पहाटे गारठा असतो, गाश तिलाहुन," एमामा म्हणाल्या. "येताना गाबी पांघरून या. आणि जास्त लवकर नको. मी दार उघडं ठेवणार नाही. ठोठावा."

त्या आत गेल्या. लुलित त्यांच्या मागे धावली, मनगट धरायला.